सदतीस सेकंद आणि साडेआठ तास : जलतरणपटूच्या रक्ताचा इतिहास

१/ ऑगस्ट १९७२, हायडेलबर्ग, पश्चिम जर्मनी. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले सैनिक मुरलीकांत पेटकर पाण्यात झेपावले. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या या जवानाने ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पूर्ण केली. विश्वविक्रम झाला आणि पॅरालिम्पिकमधील भारताचे पहिले सुवर्णपदकही मिळाले.

२/ फेब्रुवारी २०१८, न्यूझीलंड. पुण्याच्या रोहन मोरे यांनी कुक सामुद्रधुनी साडेआठ तासांहून अधिक काळ पोहून पार केली. जगातील सात खडतर सामुद्रधुन्या व खाड्या पोहणारे ते पहिले भारतीय ठरले.

३/ दोघेही पोहलेच. मात्र अशा दोन प्रकारच्या पोहण्यात रक्तात जे घडते, ते अगदी भिन्न असते. हा भेद उमगायला विज्ञानाला सुमारे दोन शतके लागली.

४/ १७८०मध्ये स्वीडनच्या शेले यांना आंबलेल्या दुधात एक आम्ल सापडले. १८०७च्या सुमारास बर्झेलियस यांना तेच शिकार केलेल्या हरणांच्या स्नायूंत आढळले. म्हणजे या आम्लाचा श्रमाशी काही संबंध असावा!

५/ १९०७मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग केले. प्राणवायूविना लॅक्टिक आम्ल साठते आणि प्राणवायू मिळताच ते नाहीसे होते, असे त्यांनी दाखवले. स्नायूंच्या याच अभ्यासासाठी हिल व मायरहोफ यांना १९२२चे नोबेल मिळाले.

६/ येथूनच एक समज रुजला : लॅक्टिक आम्ल म्हणजे थकव्याचे विष, शरीराचा केरकचरा. तो समज आजही अनेक तलावांच्या काठी ऐकू येतो.

७/ साखरेची कथा बोस्टनची. १९२४च्या मॅरेथॉननंतर काही धावपटूंचे रक्त तपासले गेले. जे गलितगात्र झाले होते, त्यांची रक्तशर्करा बरीच उतरलेली होती. पुढच्या वर्षी धावपटूंना शर्यतीत गोड खाऊ दिला गेला, तेव्हा अवस्था पुष्कळ सुधारली.

८/ मग वेगवान शर्यतीतही साखर घसरते का? बहुधा उलटेच घडते. तीव्र श्रमात ॲड्रेनलिन उसळते आणि यकृत रक्तात इतकी साखर सोडते, की स्नायू तेवढी वापरू शकत नाहीत. त्यामुळे रक्तशर्करा काही काळ वाढते.

९/ लॅक्टेटचेही तसेच. विश्रांतीत ते लिटरमागे साधारण १ मिलिमोल असते. १०० किंवा २०० मीटरच्या जिद्दीच्या शर्यतीनंतर १०च्या पुढे जाऊ शकते. संथ, दीर्घ पोहण्यात मात्र ते फारसे वाढत नाही, कारण जेवढे तयार होते तेवढे वापरलेही जाते.

१०/ वापरले जाते? होय. १९२९मध्ये कार्ल आणि गर्टी कोरी यांनी दाखवले, की स्नायूंतील लॅक्टेट यकृतात जाऊन पुन्हा साखर बनते. १९८०च्या दशकात जॉर्ज ब्रुक्स यांनी पुढचा टप्पा मांडला : हृदय आणि इतर स्नायू लॅक्टेट थेट इंधन म्हणून जाळतात. ज्याला कचरा म्हटले, ते सरपण निघाले.

११/ दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचा दोषही लॅक्टेटवर येतो. परंतु ते तास-दीड तासात पूर्वपदावर येते; दुखणे मुख्यतः स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे असते. शर्यतीनंतर हळूहळू पोहत राहिल्यास लॅक्टेट लवकर उतरते, हेही सिद्ध झाले आहे.

१२/ हा इतिहास आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे. रेडीच्या यशवंतगडाखालील खाडीत सराव करणारा असो वा मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी स्पर्धेत उतरणारा, छोट्या अंतरात त्याची झुंज वाढत्या लॅक्टेटशी असते, लांब अंतरात घटत्या साखरेशी. म्हणूनच खाडी पोहणाऱ्याला नावेतून खाद्य दिले जाते. नावेला हात लावण्याची मात्र मुभा नसते.

१३/ तलावात साखर उतरली तर शर्यत हातची जाते. भरसमुद्रात उतरली तर भान हरपते आणि जीवावर बेतते. उपाशीपोटी लांब पोहणे हे धाडस नव्हे. बोस्टनने शंभर वर्षांपूर्वी शिकवलेला धडा आपण समुद्रात उतरण्याआधीच गिरवलेला बरा.