आपल्या बागेची वंशावळ

आपल्या सोसायटीच्या इतिहासात कन्व्हेयन्स, लिफ्ट आणि पाण्याची टाकी यांवर पुष्कळ लिहून होईल. बागेचं कोणी लिहीत नाही, म्हणून हे काम मी अंगावर घेतलं.

सुरुवात एका भांडणापासून करतो. काही वर्षांपूर्वी बी विंगमधल्या एका छोट्याने झोपाळ्याजवळ पडलेलं बिट्टीचं फळ तोंडात घातलं. आजीने लगेच बोट घालून ते काढलं, डॉक्टरांकडे नेलं, पोर ठणठणीत राहिलं. पण पुढच्या सभेत एकच गलका झाला. एक बाजू म्हणे, "झाड तोडा!" दुसरी म्हणे, "महादेवाला वाहतो ती फुलं, आपलं पिढ्यान् पिढ्यांचं झाड!" गंमत म्हणजे निम्मे लोक कण्हेरीबद्दल बोलत होते आणि निम्मे बिट्टीबद्दल.

तेव्हा आधी ओळख पटवू. कण्हेरीची पानं बहुधा तीन-तीनच्या फेऱ्यात येतात. फुलं गुलाबी, लाल किंवा पांढरी, शेंग लांबट. बिट्टीची पानं एकेक येतात, फूल बहुधा पिवळं, फळ हिरवं आणि तिकोनी. विषारी दोन्ही, पान, बी, चीक सगळंच. विषाचा परिणाम हृदयावर होतो, म्हणून पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपायात वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठावं.

आणि "पिढ्यान् पिढ्यांचं" म्हणाल, तर बिट्टी मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची! देवळासमोरचा पांढरा चाफाही तिकडचाच. फांदी मोडली की चीक येतो तो हा चाफा. सोनचाफ्याला चीक नसतो. तो आशियातलाच, आणि कुळही वेगळं. नाव एक म्हणून दोघांना भाऊ समजू नये. पपई, पेरू, सीताफळ, मिरची हीसुद्धा अमेरिकेहून आलेली मंडळी. त्यांना इकडे आणण्यात पोर्तुगिजांचा मोठा हात. त्याच पोर्तुगिजांपैकी गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात आपल्याकडची औषधी झाडं नोंदवली. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं!

गेटवरची बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याच्या जगप्रवासात, १७६७ साली, तिची नोंद झाली. तिचा रंग पाकळ्यांचा नसून पानांचा असतो. खरं फूल म्हणजे मधली ती इवलीशी पांढरी नळी. "आमची फुलतच नाही" अशी तक्रार असेल तर ऊन वाढवा, पाणी आणि खत कमी करा. सदाफुली मादागास्करची. १९५० च्या दशकात कॅनडातल्या संशोधकांना तिच्यातून कॅन्सरवरचं औषध सापडलं. औषध कारखान्यात तयार होतं; घरी पानं चावून खाऊ नयेत, तीही विषारीच.

पाहुण्यांबरोबर किडीही येतात. जास्वंदीवर कापूस चिकटल्यासारखा दिसतो तो पिठ्या ढेकूण. त्याची पपईवरची एक जात मेक्सिकोकडची. २००८ मध्ये कोइमतूरजवळ ती प्रथम आढळली आणि पपई, तुतीच्या बागा बसल्या. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या आणून सोडल्या, तेव्हा कीड आटोक्यात आली. आपण मात्र बागेत कडक औषध मारत बसलो, त्यात किडीचे शत्रूही गेले. त्यापेक्षा पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालच्या बाजूला सौम्य साबणाचं पाणी, आठवड्याने पुन्हा तेच, आणि मुंग्यांचा बंदोबस्त. कारण गोड चिकट्याच्या लोभाने मुंग्याच तिची राखण करतात.

गॅलरीतली बरीच झाडं मात्र किडीने नाही, मायेने मरतात. रोज तांब्याभर पाणी! मुळांनाही हवा लागते. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर आज पाणी नको. कुंडीचं भोक उघडं आहे ना, तेही बघा. खालच्या मजल्यावरचं भांडणही त्याने वाचेल.

सभेत शेवटी काय ठरलं? झोपाळ्याजवळची बिट्टी काढली, मागच्या कुंपणाची ठेवली आणि तिच्यावर "विषारी" अशी पाटी लावली. बाकीच्या झाडांच्या पाट्या अजून व्हायच्या आहेत. आपल्यात कोकणातले, विदर्भातले, कर्नाटकातले लोक आहेत. प्रत्येकाने आपल्या घरी त्या झाडाला काय म्हणतात ते कळवावं; पाटीवर सगळी नावं लिहू.