पीयूसीपूर्वीची पाहणी : मोटारीचे दुखणे घाटात कळते

सावंतवाडीहून बेळगावकडे निघालेला रस्ता दाणोली सोडल्यावर चढू लागतो आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरील आंबोलीला पोहोचतो. पावसाळ्यात धबधबे पाहण्यासाठी येथे येणाऱ्या मोटारींपैकी काही धूर ओकत, काही अडखळत हा चढ चढताना दिसतात. सपाट रस्त्यावर न जाणवणारा दोष इंजिनावर भार आला की उघडा पडतो. हेच दोष पुढे प्रदूषण नियंत्रण तपासणीत, म्हणजे पीयूसी चाचणीत, मोटारीला नापास करतात. ते वेळीच ओळखल्यास खर्च वाचतो आणि आरोग्यावरील संकटही टळते.

नियम आणि मर्यादा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार पहिल्या नोंदणीस एक वर्ष पूर्ण झाल्यावर प्रत्येक वाहनाकडे वैध पीयूसी प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. भारत-४ आणि भारत-६ मानकांच्या वाहनांसाठी त्याची मुदत एक वर्षाची, तर त्यापूर्वीच्या वाहनांसाठी सहा महिन्यांची असते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

भारत-४ मानकाच्या पेट्रोल मोटारीच्या धुरात, इंजिन जागच्या जागी मंद चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांपेक्षा आणि हायड्रोकार्बन दशलक्ष भागांत २०० भागांपेक्षा अधिक असता कामा नये. भारत-२ आणि भारत-३ मोटारींसाठी या मर्यादा अनुक्रमे ०.५ टक्के आणि ७५० भाग अशा आहेत. डिझेल मोटारीत धुराची घनता मोजतात. ती भारत-४ साठी प्रतिमीटर १.६२, तर त्याआधीच्या वाहनांसाठी २.४५ पर्यंत चालते.

आकड्यांवरून निदान

चाचणीत नापास झाल्यावर अनेक जण थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलण्याच्या विचारात पडतात. धुरातील विषारी वायूंचे रूपांतर तुलनेने निरुपद्रवी वायूंत करणारा हा भाग महाग असतो. मात्र तो सहसा आपणहून बिघडत नाही, इंजिनातील दुसऱ्या दोषामुळे बिघडतो. मूळ दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसविला, तर काही महिन्यांत तोही निकामी होतो. म्हणून त्याच्यावर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. आधी चाचणीच्या कागदावरील आकडे वाचावेत.

कार्बन मोनॉक्साइड अधिक असेल, तर इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात आहे. चोंदलेले एअर फिल्टर, ठिबकणारे इंजेक्टर, बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर किंवा जुन्या कार्ब्युरेटर मोटारीत अडकलेला चोक ही त्याची नेहमीची कारणे होत. आंबोलीच्या उंचीवर हवा विरळ होते, त्यामुळे कार्ब्युरेटर मोटारीत पेट्रोलचे प्रमाण आणखी वाढते. इंजेक्शन असलेल्या मोटारीत सेन्सर ही तफावत भरून काढतात.

कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत, पण हायड्रोकार्बन अधिक असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकत असण्याची शक्यता मोठी. मेकॅनिक याला 'मिसिंग' म्हणतात. प्रथम प्लग, मग प्लगच्या वायरी आणि कॉइल तपासावेत. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या आंबोलीत जुन्या, चिरा गेलेल्या वायरींत ओलावा शिरणे नवलाचे नाही. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो आतून वितळू शकतो. चढावर 'चेक इंजिन' दिवा लुकलुकू लागला, तर वेग कमी करून मोटार लवकर गॅरेजमध्ये न्यावी.

दोन्ही आकडे अधिक असतील, तर आधी इंजिन पुरेसे तापले होते का, हे पाहावे. इंजिन ऑइल बदलण्याची मुदत उलटून गेली असल्यास त्यात मिसळलेल्या पेट्रोलची वाफ पुन्हा इंजिनात ओढली जाते. अशा वेळी केवळ ऑइल बदलूनही आकडे खाली येऊ शकतात. इतके सारे ठीक असूनही आकडे उतरले नाहीत, तरच कन्व्हर्टरची तपासणी करावी.

किनाऱ्यावरचा गंज

मालवण, वेंगुर्ले परिसरातील खाऱ्या हवेने सायलेन्सरच्या नळ्या लवकर गंजतात. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी बारीक भोक पडले, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर ती पाहून पेट्रोल कमी पडत असल्याचा चुकीचा संदेश देतो आणि इंजिनात विनाकारण जादा पेट्रोल सोडले जाते. आवाज किंचित वाढणे, जोडापाशी काळे डाग दिसणे ही गळतीची लक्षणे आहेत. काही शे रुपयांच्या वेल्डिंगचे काम येथे हजारोंचा सेन्सर बदलूनही साधत नाही.

डिझेलचा धूर

डिझेल मोटारीत धुराचा रंगच बरेच सांगतो. चढावर काळा धूर येणे म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. फिल्टर, टर्बोचे फाटलेले होज, काजळीने उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह आणि इंजेक्टर या क्रमाने पाहणी करावी. निळसर धूर ऑइल जळत असल्याची खूण आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर न जळलेले डिझेल किंवा सिलिंडरमध्ये झिरपणारे कूलंट यांचा संशय घ्यावा. भारत-६ डिझेल मोटारीतील काजळी अडविणारे फिल्टर शहरातील आखूड फेऱ्यांनी चोंदते. त्याचा दिवा लागल्यास माहितीपुस्तिकेनुसार मोकळ्या रस्त्यावर सलग मोटार चालवावी.

घाटातील चुकीच्या सवयी

उतारावर पेट्रोल वाचविण्यासाठी किल्ली बंद करण्याची सवय घातक आहे. ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात, हा पहिला धोका. कार्ब्युरेटरच्या मोटारीत तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये साचते. इंजेक्शनच्या मोटारीत गिअर टाकून उतरल्यास इंधनपुरवठा आपोआप तोडला जातो, त्यामुळे न्यूट्रलने काहीच साधत नाही. बॅटरी उतरल्यावर मोटार धक्का मारून चालू करणेही कन्व्हर्टरला अपायकारक ठरते, जंपर केबल वापरणे बरे. पावसाळा सरल्यावर वाळलेल्या गवतावर मोटार उभी करू नये. तापलेल्या कन्व्हर्टरमुळे गवत पेटू शकते.

तपासणीच्या दिवशी

इंजिन आणि कन्व्हर्टर दोन्ही तापलेले असावेत. त्यासाठी किमान पंधरा-वीस मिनिटे मोटार चालवून मग केंद्रावर जावे. आंबोलीहून सावंतवाडीत उतरणाऱ्यांनी ही बाब विशेष लक्षात ठेवावी. लांब उतारावर कन्व्हर्टर थंडावू शकतो, म्हणून खाली आल्यावर आणखी काही अंतर सपाट रस्त्यावर चालवावे. चाचणीच्या वेळी एसी आणि दिवे बंद ठेवावेत. बॅटरी काढून 'चेक इंजिन' दिवा घालविल्याने दोष जात नाही. पीयूसी केंद्रात धूर मोजला जातो, दिवा नव्हे.

प्रमाणपत्रापलीकडे

मोटार न दाखविता मिळविलेले प्रमाणपत्र दंडापासून कदाचित वाचवील, विषारी वायूपासून वाचविणार नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. धबधब्याजवळच्या रांगेत, धुक्यात काचा बंद करून एसीसाठी इंजिन चालू ठेवलेल्या मोटारीत तो गंजलेल्या सायलेन्सरमधून शिरू शकतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे प्रवासी घाटातील वळणांच्या माथी मारतात आणि मागच्या आसनावर झोपलेल्या मुलाला तर ती सांगताही येत नाहीत. असा त्रास होताच इंजिन बंद करून सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि डॉक्टरांना गाठावे. त्यानंतर सायलेन्सर तपासल्याखेरीज ती मोटार पुन्हा घाटात नेऊ नये.