न्यूट्रॉनचा आरसा

बॅटरीच्या आतला अतिसूक्ष्म थर मोजण्याची एक रीत जन्माला आली, तेव्हा बॅटरीचा विचार कुणाच्या मनातही नव्हता. शिकागोजवळच्या आर्गोनमध्ये एन्रिको फर्मी आणि वॉल्टर झिन यांनी अणुभट्टीतले मंद न्यूट्रॉन गुळगुळीत आरशांवर जवळजवळ आडवे सोडले. 1946 मध्ये निष्कर्ष छापून आले. कोन अंशाच्या काही दशांशांइतका लहान असला, की न्यूट्रॉन प्रकाशासारखे पूर्ण परावर्तित होत. फर्मींना जाणून घ्यायचे होते ते अणुकेंद्रांबद्दल. न्यूट्रॉनची लाट विखुरण्याचा प्रत्येक मूलद्रव्याचा स्वतःचा आकडा असतो. तो धन की ऋण, हे आरशावरून कळू लागले. बहुतेकांचा धन असतो. हायड्रोजन आणि लिथियम यांचा मात्र ऋण.

या कुळकथेतली सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते, कारण पुढे प्रश्नच उलटला. आकडे माहीत झाल्यावर न्यूट्रॉन हे मोजमापाचे साधन झाले आणि अज्ञात राहिला तो पृष्ठभाग. 1980 च्या दशकात इंग्लंडमधल्या आयसिससारख्या न्यूट्रॉन केंद्रांत खास परावर्तनमापक उभे राहिले. आपल्या तुर्भ्यालाही ‘ध्रुव’ अणुभट्टीवर असे उपकरण आहे.

आता तो बॅटरीतला थर. लिथियम बॅटरी पहिल्यांदा चार्ज होताना इलेक्ट्रोलाइटचा थोडा भाग इलेक्ट्रोडवर विघटित होतो आणि काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो. तो लिथियमचे आयन जाऊ देतो, इलेक्ट्रॉन अडवतो. बॅटरीचे आयुष्य बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून. एमॅन्युएल पेलेड यांनी 1979 मध्ये त्याचे स्वरूप मांडले. पण सेल उघडून हवा लागली, की तो बदलतो.

म्हणून सेल उघडायचाच नाही. सिलिकॉनच्या जाड ठोकळ्यावर इलेक्ट्रोडचा पातळ थर चढवतात आणि त्याला इलेक्ट्रोलाइट भिडवतात. न्यूट्रॉनचा झोत ठोकळ्याच्या बाजूने आत शिरतो. सिलिकॉन त्याला फारसे अडवत नाही. थराच्या दोन्ही कडांवरून परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात, आणि कोनागणिक परावर्तन कमीजास्त होते. त्या चढउतारांच्या अंतरावरून जाडी निघते. इलेक्ट्रोलाइटमधल्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम घातले, तर रसायन फारसे बदलत नाही, पण आकडा ऋणाचा धन होतो आणि पापुद्रा द्रवापासून वेगळा उठून दिसतो.

झोत क्षीण असतो, एका मोजणीला तास लागू शकतात. तोवर पापुद्रा वाढत राहू नये, म्हणून चार्जिंग एका व्होल्टेजवर थांबवून धरतात, मोजणी पुरी करतात, आणि मगच पुढची पायरी चढतात.