हवा, जमीन आणि शेल स्क्रिप्ट

आमच्या बेल्ह्यासारखंच खोडदही जुन्नर तालुक्यातलं. तिथं जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या अँटेना आहेत. त्यांची निरीक्षणं तपासायला शास्त्रज्ञ अनेक वर्षं 'एआयपीएस' हे सॉफ्टवेअर वापरत आले. 1978 साली अमेरिकेत त्याचं काम सुरू झालं. पुढे ते सोलारिस, लिनक्स, मॅक अशा युनिक्सच्या सगळ्या भावंडांवर चालवावं लागलं.

अडचण बोलीची होती. संगणकाला कमांड देणारं बोर्न शेल वेगळं, बर्कलेचं सी शेल वेगळं. म्हणून एआयपीएसची सुरुवातीची स्क्रिप्ट दोनदा लिहावी लागली, दोघांसाठी एकेक. 1992 साली पॉसिक्सनं शेलची प्रमाण भाषा ठरवली. तरी लोक बॅशचे खास शब्द वापरत राहिले. 2006 साली उबुंटूनं 'एसएच'च्या जागी बॅशऐवजी डॅश बसवलं, आणि अशा कित्येक स्क्रिप्ट बंद पडल्या.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. हवा, जमीन, दुनिया हे शब्द दोन्ही वर्गांत समजावून सांगावे लागत नाहीत. पॉसिक्स म्हणजे शेलचे असेच सामायिक शब्द. तेवढ्यात भागवलं, तर आज लिहिलेली स्क्रिप्ट उद्याच्या अनोळखी यंत्रालाही कळेल.