सहाध्यायी, आचार्य आणि आसन

वर्गातील हुशार विद्यार्थ्याने आपल्या सोबत्यांना शिकवावे, या पद्धतीचे जनकत्व आधुनिक शिक्षणाच्या इतिहासात बहुधा अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे दिले जाते. इ. स. १७८९ पासून मद्रासमधील एग्मोर येथे सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा त्यांच्या देखरेखीखाली होती. तेथील देशी शाळेतील मुले वाळूवर अक्षरे गिरवीत असल्याचे त्यांनी पाहिले व ती रीत आपल्या शाळेत आणली. शिक्षक नव्या रीतीस अनुकूल होईनात, तेव्हा त्यांनी मुलांनाच मुलांचे शिक्षक केले. १७९७ मध्ये त्यांनी या प्रयोगाचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला. पुढे जोसेफ लँकेस्टर यांनीही अशीच पद्धत चालविली आणि कमी खर्चात पुष्कळ मुले शिकतात म्हणून तिचा मोठा गाजावाजा झाला.

आम्हांला येथे विचारावयाचा प्रश्न मात्र खर्चाचा नाही. सोबत्यांना शिकविण्याची योग्यता ज्याच्या ठायी आहे, त्याला शिकविण्याचे आसन मिळते काय, हा तो प्रश्न आहे. पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला या प्रश्नाची दोन्ही उत्तरे आढळतात.

जातकट्ठकथेत ‘पिट्ठिआचरिय’ असा एक अर्थपूर्ण शब्द येतो. मुख्य आचार्यांच्या पाठीशी राहून शिकविणारा, म्हणजेच सहाध्यायांचा अभ्यास करून घेणारा विद्यार्थी, असा त्याचा आशय आहे. महासुतसोम जातकात कुरुदेशाचा राजपुत्र सुतसोम व काशीचा राजपुत्र ब्रह्मदत्त यांची तक्षशिलेच्या वेशीवरच गाठ पडते. दोघेही एकाच आचार्यांकडे राहतात. सुतसोम विद्येत लवकर पारंगत होतो आणि आपल्या मित्राचा पिट्ठिआचरिय बनून त्यालाही निष्णात करतो. इतरांची प्रगती मात्र सावकाश होते. पुढे हाच ब्रह्मदत्त नरमांसभक्षक होतो, तेव्हा त्याला सन्मार्गावर आणणाराही सुतसोमच असतो. सहाध्यायाचे आचार्यत्व विद्यापीठाच्या वेशीपाशी संपत नाही, असे कथाकाराला सुचवावयाचे असावे.

परंतु त्याच तक्षशिलेतील दुसरी कथा आमच्या वाचकांनी विसरू नये. चित्तसम्भूत जातकात उज्जैनीचे दोन चांडाळ तरुण जात लपवून, ब्राह्मणवेषात तक्षशिलेस विद्या शिकतात. चित्त विद्येत पुढे जातो, सम्भूत मागे राहतो. एके दिवशी गावातून भोजनाचे निमंत्रण येते. पावसाने वाट बिघडल्यामुळे आचार्य स्वतः न जाता चित्ताला आपल्या जागी सर्व विद्यार्थ्यांसह पाठवितात. गुरूंचा प्रतिनिधी म्हणून सहाध्यायांचे नेतृत्व करण्याइतकी त्याची योग्यता सिद्ध झालेली आहे. पण तेथे ऊन घासाने सम्भूताचे तोंड भाजते आणि अनवधानाने त्याच्या मुखातून चांडाळांची बोली बाहेर पडते. जात उघड होताच तेच सहाध्यायी दोघांना मारहाण करून हाकलून देतात. जातके हा घटनांचा प्रत्यक्ष पुरावा नव्हे. तथापि ज्या समाजात ती सांगितली व ऐकली गेली, त्या समाजाचे अंतरंग त्यांतून दिसते. राजपुत्राला पिट्ठिआचरिय होता येते. चांडाळाची विद्या मात्र त्याच्या बोलीतील एका शब्दाने रद्द होते.

भगवान बुद्धांच्या संघाने या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. कपिलवस्तूचा नाभिक उपालि शाक्यकुमारांसोबत प्रव्रज्या घेण्यास आला, तेव्हा आमचा शाक्याभिमान उतरावा म्हणून प्रथम उपालीला प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती त्या कुमारांनीच केली. पुढे हाच उपालि विनयात अग्रगण्य ठरला. चुल्लवग्गात एक लहानसा प्रसंग नोंदलेला आहे. उपालि विनय शिकवीत असता ज्येष्ठ भिक्खूंच्या आदरापोटी उभे राहूनच शिकवीत. ज्येष्ठ भिक्खूही धम्माच्या आदरापोटी उभे राहूनच शिकत. दोन्ही पक्ष थकून जात. तेव्हा तथागतांनी नियम घालून दिला : शिकविणारा नवखा भिक्खू असला, तरी त्याने समान अथवा उंच आसनावर बसावे, शिकणारा थेर असला, तरी त्याने समान अथवा खालच्या आसनावर बसावे. धम्माचा गौरव हेच या नियमाचे कारण सांगितले आहे. येथे आसन कुळाने वा वयाने ठरत नाही. ते त्या वेळच्या कार्याने ठरते. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकस्सपांनी विनयाविषयीचे प्रश्न उपालीलाच विचारले.

उपालीचे हे आसन या देशात पुढे टिकले नाही. साताऱ्याच्या शाळेत बालपणीच्या बाबासाहेबांना वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधील प्रसंग चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविला आहे. शिक्षकांनी गणित सोडविण्यासाठी भीमरावाला फळ्यापाशी बोलावताच वर्गात गलका झाला. कारण फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे होते. डबे दूर झाल्यावरच त्याला फळ्याला हात लावता आला. ज्याने सोबत्यांना गणित समजावून द्यावे, त्याला फळ्यापर्यंत पोहोचण्यासाठी वाट पाहावी लागली. तक्षशिलेतून हाकललेला चित्त येथे पुन्हा उभा आहे.

म्हणूनच आज विहारांतील अभ्यासिकांमध्ये वरच्या इयत्तेतील मुलगा किंवा मुलगी लहानांचा अभ्यास घेताना दिसते, तेव्हा आम्हांला ती केवळ शिकवणी वाटत नाही. हरवलेले आसन तेथे परत मिळत असते. मात्र दोन गोष्टींचे भान आपण ठेवले पाहिजे. शिकविणाऱ्या मुलाचा स्वतःचा अभ्यास मागे पडू नये. तो खर्च वाचविण्याचे साधन नव्हे. आणि आज मागे असलेल्या मुलालाही उद्या एखाद्या विषयात शिकविण्याची पाळी मिळावी. नाहीतर हुशारीचीच एक नवी उतरंड आपण रचून बसू. विनयातील तो नियम नवख्यालाही उंच आसन देतो, पण ते त्याच्या कायम मालकीचे करीत नाही. पाठ संपला की त्यानेही आसनावरून उठून शिकणाऱ्यांत येऊन बसावयाचे असते.