टेटन : पहिल्याच भरणीचा बळी

अमेरिकेच्या आयडाहो राज्यातले 305 फूट उंचीचे मातीचे टेटन धरण 5 जून 1976 रोजी पाच तासांत होत्याचे नव्हते झाले. त्या पाच तासांत माणसांनी जिवाची बाजी लावली. पण धरणाचे भवितव्य ठरवणारे निर्णय त्याआधीच घेतले गेले होते, म्हणून हा घटनाक्रम मागून सुरू करावा लागतो.

1971. पर्यावरण संघटना न्यायालयात जातात. धरणामागची घळ बुडाली तर ट्राउट मासे आणि हिवाळ्यात इथे आसरा घेणारी हरणे नाहीशी होतील, असे त्यांचे म्हणणे. प्रकल्प थांबत नाही.

1974. उजव्या तीरावर पायाचा चर खणताना ज्वालामुखीजन्य रायोलाइट खडकात फटी सापडतात. काही तर माणूस आत शिरून चालू शकेल एवढ्या. सिमेंटचे ग्राउटिंग होते, पण चरालगतच्या सगळ्या फटी बुजत नाहीत. त्यांना खेटूनच गाभ्यासाठी लोएस दाबली जाते. वाऱ्याने वाहून आणलेली ही बारीक माती पाण्यात सहज झिजते.

3 ऑक्टोबर 1975. जलाशय भरायला सुरुवात. पाणी दिवसाला एक फूट चढवायचे ठरलेले. वसंतात बर्फ वितळून नदीला लोंढा येतो, मर्यादा दोन फुटांवर नेली जाते. मे महिन्यात वेग तीन फुटांच्याही पुढे जातो. मुख्य विमोचकाचे काम अपुरे आहे, त्यामुळे येणारे पाणी सोडून द्यायची पुरेशी सोयच नाही.

3 आणि 4 जून 1976. धरणाखाली, उजव्या तीराच्या खडकातून लहान झरे फुटतात. पाणी स्वच्छ आहे. पाझर अपेक्षितच असतो, म्हणून नुसती नोंद होते.

5 जून, सकाळी 7 ते 8. शनिवार. पायथ्याशी गढूळ पाणी दिसते. झऱ्याचे पाणी गढूळ झाले की समजावे, आतली माती वाहू लागली आहे. सांडव्याच्या पातळीला पाणी टेकायला तीनच फूट उरलेत. जलाशयात सुमारे 11 टीएमसी साठा आहे.

साडेदहाच्या सुमारास. भरावाच्या उतारावर, उजव्या तीराला लागून, मोठा आवाज होऊन पाणी उसळते. थोड्याच वेळात खालच्या परगण्यांच्या शेरीफना इशारा जातो. दोन डोझर भोक बुजवायला उतरतात.

11 वाजता. वरच्या बाजूला जलाशयात भोवरा दिसतो. पाणी गाभ्यातून आरपार वाट काढून मोकळे झाले आहे. आणखी दोन डोझर भोवऱ्यात पिचिंगचे दगड लोटू लागतात.

11 वाजून 20 मिनिटांच्या सुमारास. खालचे दोन्ही डोझर खचत्या मातीत जातात. चालकांना दोर टाकून ओढून काढतात. भोक दर मिनिटाला वर, माथ्याच्या दिशेने खात चालले आहे.

11 वाजून 55 मिनिटे. माथा खचतो. दोन मिनिटांत उजवीकडचा भराव कोसळतो आणि जलाशय घळीतून सुटतो.

दुपारी. घळीच्या तोंडाशी असलेले विलफर्ड जवळजवळ पुसले जाते, मग शुगर सिटी. रेक्सबर्गला लाकूड वखारीतले हजारो ओंडके लोंढ्याबरोबर धावतात आणि पेट्रोलच्या साठवण टाकीवर आदळतात. टाकी पेट घेते आणि जळते पेट्रोल पुरावर तरंगत जाते.

संध्याकाळ. जलाशय रिकामा. 11 माणसे गेली, सुमारे 13,000 गुरे दगावली. दिवस होता आणि इशारा मिळाला, म्हणून हजारो जीव वाचले.

तज्ज्ञ समितीने त्याच वर्षी अहवाल दिला : फटी नीट बुजल्या नाहीत, झिजणाऱ्या मातीला गाळणीच्या थराचे संरक्षण नव्हते. आतून माती वाहून बोगदा तयार होण्याच्या या प्रकाराला अभियंते पाइपिंग म्हणतात. टेटन पुन्हा बांधले गेले नाही.

आपल्या पानशेतची कारणे वेगळी होती. पण तेही मातीचे धरण पहिल्याच पावसाळ्यात, पुरते तयार होण्याआधी भरले आणि 12 जुलै 1961 रोजी फुटले. पहिली भरणी ही धरणाची परीक्षा असते आणि ती मध्येच थांबवता आली पाहिजे. पाणी सोडायची वाट तयार नसताना भरणी सुरू करणे म्हणजे खालच्या गावांना न विचारता पणाला लावणे. खोदाईत सापडलेली प्रत्येक फट, भरणीचा ठरलेला वेग आणि विमोचकाची स्थिती हे तिन्ही पाणी अडवण्याआधी खालच्या गावांच्या ग्रामसभांसमोर मांडलेच पाहिजे. जीव त्यांचे जाणार असतात, म्हणून थांबा म्हणण्याचा पहिला हक्कही त्यांचाच आहे.