धर्म : आस्तिकाचा आणि नास्तिकाचा

३. ‘सुधारकांतही धर्माविषयी एकमत नव्हते’ : लेखकाचा रोख न्या. महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) व गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांच्याकडे आहे. मुंबईत १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे रानडे आधारस्तंभ. त्यांच्या लेखी धर्म म्हणजे एका ईश्वरावरील निष्ठा, प्रार्थना आणि त्यातून येणारी कर्तव्यबुद्धी. संतांची भक्ती त्यांना याच वाटेवरची वाटे. १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू करणारे आगरकर अज्ञेयवादी होते. ‘देवतोत्पत्ति’सारख्या लेखनात ते देवांचे मूळ माणसाच्या भयात, अज्ञानात आणि कल्पनेत शोधतात. बालविवाहाला विरोध आणि विधवाविवाहाला पाठिंबा या बाबतींत मात्र दोघे एकाच बाजूला उभे होते. श्रद्धावान माणूस धर्म जगताना काय अनुभवतो ते सांगतो. श्रद्धा नसलेला माणूस धर्म कसा घडला आणि समाजात काय करतो ते तपासतो. प्रश्नच वेगळे असल्याने एका उत्तराने दुसरे आपोआप खोटे ठरत नाही. शिवाय ही विभागणीही अपुरी आहे : १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्वीकारलेल्या बौद्ध धम्मात ईश्वराला स्थान नाही, नीती हाच त्याचा गाभा आहे. पुढील प्रकरण वाचताना हे ध्यानात ठेवावे. — संपा.